दोन सेंटीमीटर आखूड

दर डिसेंबरात माझा एक तास फार रंगायचा. अकरावी सायन्स, धडा गुरुत्व क्षेत्र आणि विद्युत क्षेत्र. एरवी मी कसाही शिकवत असेन, पण त्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वह्या मिटून ऐकायची. हा तास थंडीतच घ्यायचा, हे माझं ठरलेलं. पावसाळ्यात हवेला ओल असते, कंगवा कितीही घासा, कागदाचा कपटा ढिम्म हलत नाही आणि सर तोंडघशी पडतात. निफाडकडची थंडी एकदा नाशिकात उतरली की हवा खडखडीत कोरडी होते. मग मी एखाद्या दाट केसांच्या मुलाला पुढे बोलवायचो (तेल लावून आलेला नको, एवढीच अट), त्याच्या डोक्यावरून प्लॅस्टिकचा कंगवा दहा-बारा वेळा ओढायचो आणि टेबलावरच्या कपट्यांवर धरायचो. कपटे टुणटुण उडून कंगव्याला चिकटायचे.

मग हातातला खडू सोडून द्यायचो. खडू पडला की विचारायचो, "याला कोणी ढकललं?" कोणीच नाही. कपट्यांना कोणी उचललं? कोणीच नाही. तिथून पुढे माझी गाडी सुटायची. पृथ्वीभोवती क्षेत्र आहे, कंगव्याभोवती क्षेत्र आहे. पृथ्वीचं नुसतं ओढतं, विजेचं ओढतं आणि ढकलतंही. डोळ्यांना दोन्ही दिसत नाहीत. मला स्वतःचा आवाज फार आवडायचा त्या दिवशी, खोटं कशाला बोलू.

नव्वदच्या दशकातल्या एका डिसेंबरात याच तासाला एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, क्षेत्र दिसत नाय, तर ते हाय कशावरून? आपण नुसतं मानून घेतो का?"

वर्ग तिच्या 'हाय'ला हसला. मी वर्गाला झापलं आणि तिचं कौतुक केलं. म्हटलं, असा प्रश्न विचारायला डोकं लागतं. मानायचं काहीच नाही. तिथं एक लहानशी वस्तू ठेवायची, तिला काय होतं ते मोजायचं, आणि जे दिसेल ते लिहायचं. पुस्तक नंतर उघडायचं. 'जे दिसेल ते लिहा' हे चार शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून खाली दोनदा रेघ मारली. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. इतरांनी घेतलं नाही, परीक्षेला येणारं नव्हतं.

ती पेठ तालुक्यातल्या एका डोंगरातल्या पाड्यावरची. घरी भात-नागलीची थोडी शेती, आणि पिकं निघाली की आई-बाप द्राक्षांच्या बागांवर कामाला निफाडकडे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली, आणि सायन्स सगळं इंग्रजीत. तरी पोरगी तग धरून होती. शहरात मुलींच्या एका वसतिगृहात राहायची. तिथला नियम सरळ होता, एकदा नापास झालं की जागा गेली. आणि जागा गेली की नाशिक गेलं, सायन्स गेलं. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्याला बारावी सायन्स लागायची. हे सगळं तिनं जुलैत फॉर्मवर माझी सही घेताना मला सांगितलं होतं. तेव्हा 'मला बापड्याला काय ठाऊक' असं म्हणायची सोय मला नाही.

आता आमच्या लॅबची एक रीत सांगतो. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

साध्या लंबकाचा प्रयोग असतो. चिरलेल्या बुचात दोरा अडकवायचा, दोऱ्याला पितळी गोळी, ती झुलवायची. लाकडी मीटरपट्टीचं शून्याचं टोक बुचाला टेकवून दोऱ्याची लांबी मोजायची, स्टॉपवॉचवर वीस झोक्यांचा वेळ घ्यायचा आणि त्यावरून पृथ्वीचं क्षेत्र इथं किती जोरकस आहे ते काढायचं. त्याला म्हणतात जी. सेंटीमीटरमध्ये जी यायला हवा नऊशे ऐंशी. हे उत्तर पुस्तकात असतं, मोठ्या भावाच्या जर्नलात, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत असतं, फार काय, लॅबच्या भिंतीवर तक्त्यात असतं. मग मुलं कशाला झोके मोजत बसतील? ती शेवटून सुरुवात करायची. आधी नऊशे ऐंशी लिहायचं, लॉग टेबल घेऊन त्यावरून मागं मागं जात वेळ काढायचा, आणि संशय नको म्हणून एका ओळीत नऊशे अठ्ठ्याहत्तर, एका ओळीत नऊशे ब्याऐंशी टाकायचं. याला आमच्याकडे 'रीडिंग जुळवणं' म्हणत. लंबक बिचारा स्टँडला नुसता लोंबत असायचा.

मला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं की. मी विद्यार्थी असताना तेच केलं होतं, माझ्या सरांनीही केलं असणार. गंमत म्हणजे नाशिकला जी पुरता नऊशे ऐंशी नाहीच, किंचित कमी भरतो. इतक्या वर्षांत एकाही जर्नलात तो कमी भरला नाही आणि मी सगळ्या जर्नलांवर लाल शाईत सही ठोकत आलो.

जानेवारीत तिच्या बॅचचा हा प्रयोग झाला. एका टेबलावर दोघी. तिची जोडीदारीण बहिणीचं जुनं जर्नल घेऊन आली होती, तिचं वीस मिनिटांत आटोपलं आणि ती कँटीनला गेली. ही एकटी खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलावर बसून मोजत राहिली. पाच लांब्या, प्रत्येक तीनदा. आमच्या लॅबचे परिचर, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, ते मला सांगायला आले, "सर, ती पोरगी जेवायलाबी उठली नाय. लय चिकाटीची हे." मी मान हलवली आणि चहा पीत राहिलो.

मार्चात जर्नलं सहीला आली. सही झालेल्या जर्नलाशिवाय वार्षिक प्रॅक्टिकलला बसू द्यायचं नाही, असा आमचा दंडक. मी गठ्ठा पुढे घेऊन भराभर सह्या करत होतो. तिचं जर्नल उघडलं आणि पेन अडलं. नऊशे ऐंशी कुठंच नाही. हजार चौदा, हजार नऊ, हजार पाच, हजार दोन, हजार. सरासरी हजार सहा. आलेखाची रेघ शून्यातून जायला हवी, तर हिची रेघ शून्याला बगल देऊन लांबीच्या अक्षावर दोनच्या खुणेपाशी उतरलेली. तिथं तिनं पेन्सिलीनं एक छोटं वर्तुळ काढून प्रश्नचिन्ह केलं होतं. त्या प्रश्नचिन्हाकडं मी धड बघितलंही नाही.

तिला सगळ्या बॅचपुढे उभं केलं. जर्नल वर धरून म्हणालो, "काय गं, तुमच्या पेठला पृथ्वी जरा जास्त ओढते का?"

बॅच खो खो हसली. मला बरं वाटलं. मास्तरांना हसू पिकवायची हौस फार असते. डोंगरावर उलट जी थोडा कमी होतो, म्हणजे माझा विनोदसुद्धा शास्त्राला धरून नव्हता. त्या दिवसापासून मुलं तिला 'हजार' म्हणायला लागली. कॉरिडॉरमधून जाताना कोणीतरी हळूच म्हणायचं, "हजार आली." हे माझ्या कानावर यायचं आणि मी ऐकलंच नाही असं करायचो.

ती दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये आली. काकांच्या परवानगीनं तिनं त्याच टेबलावर प्रयोग पुन्हा केला होता आणि आकडे तेच आले होते. मी म्हटलं, "नऊशे ऐंशी आण आणि सही घे. विषय संपला."

"कुठून आणू, सर?"

"बाकीच्यांना विचार, त्यांनी कसं आणलं."

"विचारलं. ते म्हणतात उलटं काढ. उलटं काढलं तर ते खोटंच झालं ना?" मग म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं सर, जे दिसेल ते लिहा."

शेजारी दोन सहकारी पेपर तपासत बसले होते. त्यातले एक हसले. बस, माझ्या डोक्यात तिडीक गेली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, घरचे सांगतील. सोळा-सतरा वर्षांची पोर माझंच वाक्य माझ्या हातात ठेवते आणि तेही चारचौघांत. मी जर्नल टेबलावर आपटलं आणि ओरडलो, "मला शब्दांत पकडतेस?" तिनं जर्नल उचललं, पानं सारखी केली आणि गेली.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ती लॅबच्या दारात उभी होती. आत आली नाही. म्हणाली, "सर, एकदा पट्टी तपासून बघू का? दुसऱ्या टेबलावरची पट्टी लावून बघते फक्त. दोन मिनिटं लागतील."

दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांचा हिशेब मी पुढे किती वर्षं करत बसलोय. मी काय म्हणालो ते जसंच्या तसं आठवतं. म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं. सही हवी असेल तर उद्या सकाळी नऊशे ऐंशी घेऊन ये."

सकाळी ती आली. जर्नल तसंच. मी पान उलटलं, हजार चौदा बघितलं आणि मिटलं. तिनं विनवणी केली नाही, रडली नाही. रडली असती तर कदाचित मी विरघळलोही असतो, इतका काही मी कसाई नव्हतो. पण तिच्या न रडण्याचाच मला राग आला. बाकीची बॅच आत प्रॅक्टिकल करत होती आणि ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, दुपारपर्यंत. काकांनी तिला पाणी नेऊन दिलं. मी बाहेर आलो तेव्हा ती गेलेली होती. जर्नल माझ्या टेबलावर ठेवलेलं होतं.

प्रॅक्टिकलला शून्य म्हणजे फिजिक्समध्ये नापास, म्हणजे वर्ष नापास. मे महिन्यात निकाल लागला. ती यादीत नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कॉलेज उघडलं. काका कपाटं झाडत होते आणि मी नव्या वर्षाची मागणी लिहीत होतो. काका दोन लाकडी पट्ट्या हातात घेऊन आले. "सर, ह्या दोन यंदा तरी बदलून घ्या. दोन-दोन सेंटीमीटर कमी हायेत."

"कमी म्हणजे?"

"मागच्या पावसाळ्यात तपासणी आली नव्हती का? ह्यांची टोकं झिजून फुटली होती. तुम्हीच म्हणाला, घाण दिसतं, करवतीनं साफ करून टाका. मी म्हणलं, दोन सेंटीमीटर जातील, वर लिहून ठेवू का? तुम्ही म्हणाला, नको, मी मुलांना सांगतो."

आठवलं. चर्रकन आठवलं. बाहेर पाऊस, उद्या तपासणी, मी घाईत, काकांच्या हातात करवत, आणि मी म्हणतोय, 'मी सांगतो मुलांना.' सांगितलं नाही. विसरलो. टोकाकडचे आकडे आधीच पुसट झालेले, त्यामुळे शून्य कापलं गेलंय हे कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. त्या पट्टीनं मोजलेला दोरा प्रत्येक वेळी दोन सेंटीमीटर जास्त दिसणार. वर्षभर पाच बॅचेसनी या पट्ट्यांवर लंबकाचा प्रयोग केला आणि प्रत्येकाचं उत्तर नऊशे ऐंशी आलं. वाकड्या पट्टीवर सगळ्यांचं सरळ आलं. एकीचं सोडून.

"ह्यातली एक शेवटच्या टेबलावर असते का?" मी विचारलं.

"तिथलीच की."

काका गेल्यावर मी तिचं जर्नल काढलं. तिच्या प्रत्येक लांबीतून दोन वजा केले आणि लॉग टेबल घेऊन बसलो. नऊशे ऐंशी. नऊशे एक्क्याऐंशी. नऊशे ऐंशी. नऊशे ऐंशी. नऊशे ऐंशी. आणि आलेखावर जिथं तिनं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं, तिथं बरोबर दोन सेंटीमीटर. म्हणजे पट्टी किती कापली आहे हेसुद्धा तिनं मोजून माझ्यापुढे ठेवलं होतं. तिला ते ठाऊक नव्हतं आणि मी मास्तर असून वाचलं नाही.

इथपर्यंत जे झालं त्याला घाई म्हणा, विसराळूपणा म्हणा, आडमुठेपणा म्हणा. माणसाच्या हातून होतं. पण आता जे सांगतो त्याला तसलं गोंडस नाव नाही.

आमच्याकडे नापासांची फेरपरीक्षा जूनच्या अखेरीला असायची. वसतिगृहही तोवर जागा अडवून ठेवायचं. पण फेरपरीक्षेलाही जर्नल लागतंच, आणि तिचं जर्नल बिनसहीचं माझ्या कपाटात. म्हणजे सगळं अजून हातात होतं. मी प्राचार्यांकडे जायचं, माझ्यामुळे झालं म्हणायचं, जर्नलवर सही करायची आणि तिला निरोप धाडायचा. संध्याकाळपर्यंत होण्यासारखं काम.

मी गेलो की. प्राचार्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो, आतही गेलो. ते चहा घेत होते. म्हणाले, "बोला सर." आणि माझ्या डोळ्यांपुढे जर्नलांचा तो गठ्ठा आला. हिचं खरं म्हटलं की बाकी सगळी खोटी, आणि त्या सगळ्यांवर सही माझी. प्राचार्य विचारणार, मग इतरांचं कसं हो आलं? त्यात विभागप्रमुखाची जागा त्याच वर्षी रिकामी होणार होती आणि माझं नाव चाललं होतं. स्टाफरूममध्ये हसलेला सहकारीही आठवला. खरं सांगायचं तर तोच सगळ्यात आधी आठवला.

मी म्हणालो, "सर, मीटरपट्ट्या जुन्या झाल्यात. नव्या मंजूर करा."

ते म्हणाले, "एवढंच ना? घ्या की."

सहा नव्या स्टीलच्या पट्ट्या आल्या. जुन्या दोन मी काकांना फेकून द्यायला सांगितल्या. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. ते निवृत्त होईपर्यंत आम्ही बरोबर काम केलं, पण त्या पोरीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

जुलैत एकदा कोडगेपणानं वसतिगृहावर जाऊन आलो. मेट्रन म्हणाल्या, ती पेटी घेऊन गेली, तिच्या जागेवर दुसरी मुलगी आली, आणि आता ती पेठलाच आर्ट्सला बसणार म्हणे. मी "अरे अरे" म्हणालो. आणि सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. आता काही करता येत नाही, याचंच सुख झालं. पेठ काही विलायत नव्हतं. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटी सुटते, घाट धरून दीड-दोन तासांत पोचवते. मला पोचायला अकरा वर्षं लागली.

दरम्यान मी विभागप्रमुख झालो. डिसेंबरातला तो तास मात्र पूर्वीसारखा रंगेना. कंगवा घासायचो, खडू सोडायचो, आणि 'जे दिसेल ते लिहा'पाशी आलो की जीभ अडखळायची. शेवटी ते वाक्य मी गाळूनच टाकलं. लंबकाच्या प्रयोगाला मुलं रीडिंग जुळवतच होती. मी सह्या करतच होतो. एवढं होऊनही मी सुधारलो असं कृपा करून समजू नका.

दोन हजार सालानंतर एका डिसेंबरात कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर पेठ तालुक्यातल्या एका गावात लागलं. मी वीस-पंचवीस मुलं घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलांना गावातली अंगणवाडी दाखवायला नेलं. एका खोलीची अंगणवाडी, दारात चपला, आणि आत बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत बसलेल्या. वजनाचा दिवस होता. आढ्याला लोंबता काटा टांगलेला आणि त्याखाली बाळाला ठेवायची कापडी झोळी. एक सेविका हिरव्या काठाची साडी खोचून उभी होती.

तिनंच मला ओळखलं. "सर, तुम्ही?"

मी तिच्या आवाजावरून ओळखलं. चेहरा भरला होता, पण प्रश्न विचारताना मान किंचित कलती करायची सवय तशीच होती. तिनं घाईनं खुर्ची पुसून दिली, कोरा चहा सांगितला आणि बायकांना म्हणाली, "हे माझं नाशिकचं सर."

मग ती कामाला लागली. आधी रिकामी झोळी टांगली आणि काटा शून्यावर आणला. मग फळीवरून किलोची मिठाची पुडी काढून झोळीत ठेवली आणि वाकून बघितलं. बरोबर एक किलो. मगच पहिलं बाळ घेतलं. तीन बाळं झाली की पुन्हा रिकामी झोळी, पुन्हा मीठ. माझ्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, "ताई, दर वेळी कशाला तपासता?"

ती हसली. "सरांनाच विचारा. कॉलेजात माझं रीडिंग कायम चुकायचं. सर लय वैतागायचे. माझीच मोजणी कुठंतरी चुकत असणार, मला काय ती घावली नाय. तेव्हापासून सवय लागली, आधी शून्य बघायचं. इथं चुकून चालत नाय ना. पोरगं हलकं असलं आणि कागदावर जड दिसलं, तर त्याला जादाचा आहार मिळत नाय."

मुलं माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. सरांची शिकवण. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी अकरा वर्षं समजत होतो की ती मला शिव्या देत असेल, आणि त्याची मी मनातल्या मनात तयारीही केली होती. तिनं सगळा दोष स्वतःवर घेतला असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. ही बाई अकरा वर्षं माझी चूक आपली म्हणून अंगावर वागवत होती. वर माझे उपकार मानत होती.

चहा आला. मी कप खाली ठेवला. मुलांना बाहेर पाठवावं असं मनात आलं, आणि तेही पळणंच होतं, म्हणून पाठवलं नाही.

"तुझी मोजणी चुकली नव्हती," मी म्हणालो. "पट्टी आखूड होती. दोन सेंटीमीटर. तुझी रीडिंगं बरोबर होती, सगळी."

ती बाळाची झोळी अडकवत होती. हात थांबले. "माझं बरोबर होतं?"

"हो."

"पट्टी कशी आखूड झाली?"

"मीच कापायला लावली होती. मुलांना सांगायचं विसरलो."

तिनं बाळ पुन्हा त्याच्या आईकडे दिलं. माझी मुलं जमिनीकडे बघत होती. प्रत्येकाच्या घरी एक जर्नल होतं आणि त्यात नऊशे ऐंशी होतं.

"तुम्हाला हे कधी कळलं, सर?"

"जूनमध्ये."

"कुठल्या जूनमध्ये?"

यंदाच्या, असं म्हणता आलं असतं. देवाशप्पथ, तोंडात आलं होतं. उत्तरावरून मागं जात रीडिंग जुळवायची सवय काही फक्त पोरांनाच असते असं नाही.

"त्याच," मी म्हणालो. "फेरपरीक्षेच्या आधी."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. आकडा वाचताना माणूस बघतो तशी. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलावं असंही वाटलं. मग तिनं पदरानं हात पुसले, त्या बाळाला परत घेतलं, झोळीत ठेवलं आणि काटा स्थिर व्हायची वाट बघितली. "सात किलो दोनशे," ती म्हणाली आणि रजिस्टरात लिहिलं. उरलेली सगळी वजनं तिनं घेतली. मी खुर्चीवर बसून राहिलो. चहावर साय धरायलाही दूध नव्हतं, नुसता गार झाला.

निघताना मी दारात अडखळलो. माफ कर म्हणायचं होतं आणि ते जिभेवर नीट बसत नव्हतं. कसंबसं म्हणालो, "तुझं जर्नल अजून माझ्याकडे आहे. मी सही करून पाठवतो."

"पाठवा, सर," ती म्हणाली. "सही नको."

आणि वळून तिनं पुढच्या बाईला आत बोलावलं.